रॉइस टॅकेटचा ठोसा

हुडहुडी भरलेल्या माणसाला दाबून धरू नये, हे ह्यूस्टनच्या त्या इस्पितळात नव्या नर्सेसना शिकवायचं काम अर्नेल डिझनकडेच होतं. तरी त्या दुपारी रॉइस टॅकेट खाटेसकट हादरायला लागला, तेव्हा हातातली औषधाची सुई निसटेल या भीतीने अर्नेल त्याच्या छातीवर आडवा पडला. आणि फसला.

पहिल्या ठोशात त्याचा दात गेला. दुसऱ्यात तो कपाटावर जाऊन आदळला आणि काच फुटली. रॉइसने नळी उपटली, सलाइनचा खांब गदेसारखा गरगर फिरवला. भिंतीवर रक्त उडालं, निम्मं याचं, निम्मं त्याचं. दोन रखवालदार धावले. एकाचं नाक फुटल्यावर दुसऱ्याने बाहेरून दार धरण्यातच कर्तव्य मानलं.

मार देणं-खाणं रॉइसला नवं नव्हतं. रोडिओत, म्हणजे उधळत्या बैलावर बसायच्या खेळात, पडलेला स्वार आणि उसळलेला बैल यांच्या मध्ये उडी घ्यायची, यातच त्याचं उभं आयुष्य गेलं. बैलांनी त्याच्या फासळ्या मोडल्या, अर्धा कान नेला. दारूच्या गुत्त्यांतली मोडतोड वेगळी. दोन्ही माजी बायका मात्र ईस्टरला अजून हॅम पाठवत.

मग मानेत गाठी आल्या. लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर. सगळी नेहमीची औषधं हरली, कारण तो मेला रोगही टॅकेटांच्याच वळणाचा. आता हे नवं औषध, माणसांवर नुकतंच चाचणीला आलेलं. छोट्या मात्रांनीच गाठी उतरू लागल्या होत्या. त्या दुपारची मोठी मात्रा घेणारा रॉइस पहिला. त्याला सोसली, तर शेजारच्या खोलीतल्या मरिसेलला तीच द्यायची.

चाचणीच्या डॉक्टरबाईंना एवढंच कळायला हवं होतं, की त्याने ओळखून मारलं की भ्रमात? ओळखून असेल तर तो स्वभाव, औषध चालू. भ्रम असेल तर दोष औषधाचा. मग रॉइसचं बंद, आणि मरिसेललाही ही मात्रा नाही.

सकाळी अर्नेल सुजका ओठ घेऊन खाटेशी बसला.

"काय देखणा दिसतोयस रे पोरा! आई ओळखायची नाही."

"तुमचीच कृपा, मिस्टर रॉइस. पोलिसांत देऊ?"

"दे की. तिथलं जेवण तरी बरं असेल."

अर्नेलला हसू आलं आणि ओठ पुन्हा फाटला. रुमाल दाबत तो पुढे वाकला. "बाई येतायत. मारताना मला ओळखलं होतंत ना? नुसतं हो म्हणा, औषध चालू राहील."

रॉइसने मानेवरची गाठ चाचपली. सुपारीएवढी उरली होती. पलीकडे मरिसेल फोनवर कुणाशी तरी खिदळत होती.

"अजिबात ओळखलं नाही, आणि लिही तसंच, भिंतीपलीकडे ती पोर आहे."