ओट्यावरचा हिशोब

“आकडा तोंडानं बोलल्याशिवाय तो हिशोबच नाही!” नाना दिवाणजी गरजले, आणि धुळ्यातल्या आमच्या कापसाच्या पेढीवरची कबुतरं जी उडाली ती थेट सोनगीरच्या किल्ल्यावर जाऊन बसली. कुणी म्हणतं शिरपूरपर्यंत गेली. मी सोनगीरवरच थांबतो, उगाच वाढवून सांगायची मला सवय नाही.

नाना जाऊन आता काही आठवडे झाले... पण तो आवाज अजून कानात आहे. भांडण होतं मुंबईहून आलेल्या बेरजेच्या यंत्रावरून. त्याआधी आमच्याकडे रीत अशी, की शेतकऱ्याला समोर बसवून नाना वजन, भाव, हमाली, सगळं मोठ्यानं म्हणत आणि तो बोटांवर धरत जाई. अक्षरओळख नसलेल्याला तीच पावती. यंत्र आलं, त्याचा दांडा मी ओढू लागलो, आणि शेठजींनी फर्मावलं, “आता नुसती चिठ्ठी द्यायची. ओरडायचं असेल तर बाहेर!”

“बाहेर तर बाहेर,” म्हणत नानांनी पागोटं उचललं आणि उभ्या जन्माची गादी सोडून समोरच्या ओट्यावर जाऊन बसले. बिनपगारी! मी विनवलं, “नाना, यंत्र चुकत नाही हो.”

“न चुको. त्याला उलट विचारता येतं का?”

मग काय सांगू... चिठ्ठी घेऊन बाहेर पडलेला जो तो ओट्याकडे. “नाना, काय लिखेल शे? बठ्ठं वाचा!” नाना सगळं वाचत, अर्धा बाजार ऐके, आणि शेठजी आत घाम पुसत बसत. एक खोट निघाली असती तर पेढी उठली असती. पण शेवटी नाना तितक्याच जोरात सांगत, “बरोबर शे!” बघता बघता दुसऱ्या पेढ्यांकडे निघालेल्या गाड्या आमच्या दाराशी वळू लागल्या. शेठजी हात जोडून बाहेर आले. “नाना, आत चला. पगार वाढवतो.”

“पगार द्या. मी इथंच बरा. आत बोललेलं बाहेर ऐकू येत नाही.”

अखेरच्या हंगामापर्यंत ते तिथंच बसले.

परवा नव्या हंगामाच्या पहिल्या बाजाराला माणसं चिठ्ठ्या हातात धरून रिकाम्या ओट्यासमोर उभी राहिली. कुणी हलेना. शेवटी शेठजीच धोतर सावरत ओट्यावर चढले आणि एका म्हाताऱ्याची चिठ्ठी ओळीनं वाचू लागले... वाचून झाल्यावर मी त्या म्हाताऱ्याला विचारलं, “काय आबा, पटलं का?”

“आवाज बारीक शे,” तो म्हणाला.