सरड्याचं मखर

आजवर मी बारा मखरं बांधली. त्यांतल्या अकरांमध्ये गणपती बसले आणि त्यांच्याकडून कधी तक्रार आली नाही. बाराव्यात सरडा बसला.

सरडा आमचा नव्हता. इथल्या, डच मुलखातल्या, आमच्या मराठी मंडळात एक नाशिकची मुलगी होती, ग्रोनिंगनला शिकणारी. लॉकडाउन लागला, तिच्या इमारतीतली मुलं एकेक करून आपापल्या देशी पळाली आणि शेवटी तिलाही भारतात जाणाऱ्या खास विमानात जागा मिळाली. विमानतळावर जाण्याआधी ती डीमनला, म्हणजे आमच्या गावी, आमच्या दारात उभी राहिली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात टॉवेलनं झाकलेला छोटा पिंजरा.

"दादा, फक्त दोन महिने."

मला वाटलं, पोपट असेल. "अगं, ठेव की! दोन काय, चार महिने ठेव," असं मी मोठ्या मनानं म्हणून मोकळा झालो. मग तिनं टॉवेल काढला. आत वीतभर हिरवागार कॅमेलियन, म्हणजे रंग बदलणारा तो सरडा, फांदीला घट्ट धरून बसला होता. त्याचा एक डोळा माझ्यावर होता आणि दुसरा, त्याच क्षणी, माझ्या बायकोवर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्हा दोघांवर एकाच वेळी नजर ठेवणं माझ्या आईलाही जमलेलं नाही.

"खातो काय हा?" बायकोनं विचारलं.

"रातकिडे," मुलगी म्हणाली. "जिवंत. मी डबा दिलाय बरोबर. वहिनी, त्यांना रोज किसलेलं गाजर घालायचं."

आमच्याकडे अंडंसुद्धा वेगळ्या कढईत होतं. त्या घरात, तूरडाळीच्या शेजारी, रातकिड्यांचा डबा आला आणि मी रोज सकाळी त्यांच्यासाठी गाजर किसू लागलो.

"माझ्यासाठी कधी किसलं होतंस रे?" बायको म्हणाली.

"तू कधी किरकिर केली नाहीस ना."

यावर ती जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.

दोन महिन्यांचे आठ झाले. विमानं सुरू होत, बंद होत. मुलीचे तास नाशिकहूनच ऑनलाइन चालू होते. सरडा मात्र वेळेवर वाढत होता. हिवाळ्यात त्याची शेपटी पिंजऱ्याच्या एका भिंतीला आणि नाक दुसऱ्या भिंतीला टेकायला लागलं, आणि तो पूर्वीसारखा खाईना. चार रातकिड्यांवरून दोनावर आला. मी त्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. माणसांना आत प्रवेश नव्हता. मी बाहेर थंडीत उभा, सरडा आत गरम दिव्याखाली. पंधरा मिनिटांनी डॉक्टरीणबाई मास्क लावून दारात आल्या.

"प्राणी ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही त्याला बुटांच्या खोक्यात ठेवलंय. त्याला उंची हवी. महिन्याभरात मोठं घर द्या, नाहीतर हा खाणं पूर्ण बंद करेल. मग मी फार काही करू शकणार नाही."

डच माणसं असं सरळ सांगतात. आपल्याकडे एखाद्यानं आधी चहा दिला असता.

घरी आल्यावर बायकोनं दहा मिनिटांत शोधून काढलं: सरपटणाऱ्या प्राण्यांचं एक दुकान, त्यात जाळीचा पिंजरा, माझ्या छातीइतका उंच. पण लॉकडाउनमध्ये सगळ्या देशानं कुत्री, मांजरं आणि जे मिळेल ते पाळायला घेतलं होतं. पिंजऱ्याला चार आठवडे लागणार होते.

"बरोब्बर महिना," ती म्हणाली. "मागवून टाक."

मी मागवला. पिंजऱ्याचा फोटो मोठा करून पाहिला आणि माझ्यातला मखरवाला जागा झाला. चार काठ्या, चार बाजूंना जाळी! हे मागवायचं? मंडळाच्या गणपतीला लॉकडाउनच्या आदल्या वर्षी मी जो महाल केला होता, त्याच्यापुढे लोक सेल्फी काढायला रांगेत उभे होते. मी दोन शनिवारांत याहून दसपट सुंदर घर बांधेन, आणि पिंजरा रद्द केल्याचं बायकोला सांगेन तेव्हा ती खूश होऊन, म्हणजे निदान चकित होऊन बघत राहील. दुपारी, ती ऑफिसच्या कॉलवर असताना, मी हळूच ऑर्डर रद्द केली.

"लाकूड कशाला आणलंस?" असं तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "तात्पुरती सोय करतोय. पिंजरा येईपर्यंत." हे वाक्य अर्धं खरं होतं. कुठलं अर्धं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

लाकूड-सामानाची दुकानं बंद होती. ऑनलाइन मागवायचं, मग दुकानाच्या दारात जायचं आणि कुणीतरी लांबूनच ढकललेली सामानाची गाडी घ्यायची. दुसरी अडचण ड्रिलची. सगळी इमारत घरून काम करत होती, म्हणून इमारतीच्या ग्रुपवर ठराव झाला: भोकं पाडायची ती फक्त दुपारी बारा ते एक. त्या तासात डच शेजारी शांतपणे पावाचे दोन तुकडे खातात आणि तिसऱ्या मजल्यावरचा भारतीय भिंती हादरवतो. एकाला पाच मिनिटं असताना वरच्या मजल्यावरून चमच्यानं पाइप वाजायचा. एक वाजता मी ड्रिल बंद करून कॉलवर जाई, आणि साहेबांना माझ्या केसांत लाकडाचा भुसा दिसे.

असं दोन आठवडे चाललं. आणि मखर झालं, काय सांगू! समोर कमान. कमानीवर मोर. आत तीन पायऱ्या, सर्वांत वरच्या पायरीवर बसायला जाडजूड फांदी. दोन्ही बाजूंना खांब आणि खांबांना गुंडाळलेली रंग बदलणाऱ्या दिव्यांची माळ, कारण तोही रंग बदलतो. मागच्या भिंतीला मी आरशाच्या चौकोनी फरशा चिकटवल्या. मखराला आरसा हवाच. त्यानं खोली वाढते आणि एका मूर्तीच्या चार दिसतात.

शनिवारी दुपारी मी सरड्याची प्रतिष्ठापना केली. अक्षरशः दोन्ही हातांत धरून, वरच्या पायरीवर.

तो काही क्षण स्तब्ध बसला. मग त्यानं मान वळवली आणि आरशात पाहिलं. पुढच्या अर्ध्या मिनिटात त्यानं असे रंग दाखवले, जे मी आठ महिन्यांत पाहिले नव्हते. हिरव्यावर पिवळे पट्टे आले, पट्ट्यांत काळे ठिपके, गळा फुगला, अंग पानासारखं पसरट झालं, आणि तो डावी-उजवीकडे डुलू लागला.

"अगं, लवकर ये!" मी ओरडलो. "बघ किती खूश झालाय! नाचतोय!"

बायको येऊन बघत राहिली. "खूश झाल्यावर तोंड एवढं उघडतात का रे?"

"आनंदानं."

मी व्हिडिओ काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. धडाधड अंगठे आले. 'वा! यंदाचं डेकोरेशन आत्तापासूनच का?' 'बाप्पा कुठाय?' 'भावा, मोर अप्रतिम.' मी प्रत्येकाला हात जोडून उत्तर देत होतो, तेवढ्यात नाशिकहून व्हिडिओ कॉल आला. मुलीनं नमस्कारही केला नाही.

"दादा, आरसा काढा! आधी आरसा काढा! त्याला वाटतंय समोर दुसरा नर आहे. तो भांडतोय, दादा!"

मी आरशाकडे पाहिलं. एक नव्हे, फरशांच्या सांध्यांमुळे समोर नऊ नर होते. नऊही त्याच्याइतकेच चिडलेले. बिचारा एकटा नऊ जणांवर फिस्कारत होता आणि मागे हटायला तयार नव्हता, आणि मी त्याच्या पराक्रमाचं शूटिंग करत होतो.

मी चिकटवलेली वस्तू निघत नाही, हा माझा लौकिक. फरशा निघेनात. शेवटी बायकोनं जेवणाच्या टेबलावरचं कापड ओढून आरशावर टाकलं. नऊ शत्रू एका क्षणात नाहीसे झाले. सरडा काळा ठिक्कर पडून कोपऱ्यात बसला.

"आणि दादा, जाळी कुठाय?" मुलीनं विचारलं. "त्याला चारी बाजूंनी हवा लागते. आणि तो पाणी भांड्यातून पीत नाही, पानांवर फवारलेले थेंब पितो. हे लाकूड भिजलं तर?"

लाकूड म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळ्या होत्या. चार दिवस फवारल्यावर खालची पायरी चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगली. पाचव्या दिवशी मोर गळून पडला. सहाव्या दिवशी कमानीला बुरशी आली. सरड्याला परत जुन्या खोक्यात ठेवलं, पण आता तो रातकिड्याकडे बघेचना. एक दिवस गेला, दोन गेले. सकाळी मी गाजर किसायचो, रातकिडे पोटभर खायचे, आणि सरडा डोळे मिटून फांदीवर बसायचा.

तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "जाऊ दे. आठवड्याभरात पिंजरा येईल ना? दुकानाला फोन करून विचार."

मी रातकिड्यांच्या डब्याचं झाकण बराच वेळ नीट बसवत राहिलो.

"अरे, विचार ना."

"मी तो रद्द केलाय."

तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती फक्त सरड्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस?"

मी दुकानाला फोन केला. आता आठ आठवडे. मग बायको एका खुर्चीवर आणि मी दुसऱ्या खुर्चीवर, दोघं आपापल्या फोनवर सेकंडहँड वस्तू चाळत बसलो. तिलाच सापडला. विमानतळापलीकडच्या नीउ-व्हेनेप गावात एकजण अगदी तसाच जाळीचा पिंजरा देत होता. अट एकच: आजच न्या. आमच्याकडे गाडी नाही. रेल्वेत फक्त अत्यावश्यक प्रवासाला परवानगी होती, आणि सरड्याचं घर अत्यावश्यक कसं हे तिकीट तपासनिसाला डचमध्ये समजावण्याइतकी माझी भाषा नव्हती. वरच्या मजल्यावरच्या, चमच्यानं पाइप वाजवणाऱ्या शेजाऱ्याकडे बाकफीट्स होती. पुढे मुलांना बसवायची लाकडी पेटी असलेली लांबलचक सायकल. मी कशासाठी हवी ते सांगताच तो म्हणाला, "म्हणजे आता ड्रिल बंद? घेऊन जा. उद्या दिलीस तरी चालेल."

दोन तास तुफान वाऱ्यात पॅडल मारत मी नीउ-व्हेनेपला पोचलो. पिंजरा अंगणात काढून ठेवलेला. मालक दोन मीटर उंच, दीड मीटर लांब उभा. त्यानं खिडकीतून आत बघायची खूण केली. बैठकीच्या खोलीत एक अख्खी भिंतच जाळीची होती, आत जंगल, आणि जंगलात एक भला थोरला कॅमेलियन राजासारखा पहुडला होता.

"स्वतः बांधलंय," तो म्हणाला.

माझा ऊर भरून आला. "मीही बांधलं होतं!" मी म्हणालो, आणि तिथल्या तिथे त्याला मोरासकट सगळं सांगितलं.

तो हसला नाही. "हे माझं चौथं. पहिली तीन फेकली. बांधायला वेळ लागतो, चुकतं, परत करावं लागतं. पण तोवर त्यानं राहायचं कुठे? म्हणून हा पिंजरा आधी विकत घेतला होता."

माझ्या बायकोनं पहिल्याच दिवशी हेच सांगितलं होतं. पण अनोळखी माणसानं डचमध्ये सांगितल्यावर मला ते एकदम शास्त्रीय वाटलं.

परतीला पिंजरा पेटीत उभा बांधला. वाटेत विमानतळाच्या धावपट्टीजवळून रस्ता जातो. एरवी डोक्यावर विमानांची घरघर असते, त्या दिवशी आकाश रिकामं आणि धावपट्टीवर ससे. वारा समोरून येई आणि माझ्या पिंजऱ्यातून सरळ आरपार निघून जाई. माझं मखर असतं तर मी मोरासकट बेल्जियमला पोचलो असतो. एक आजीबाई इलेक्ट्रिक सायकलवरून शेजारी आल्या.

"आत कोण आहे?"

"अजून कोणी नाही."

"मग एवढा घाम कशाला?" म्हणून त्या भुर्रकन पुढे गेल्या. मी मोठ्यानं हसत सुटलो, एकटाच, मास्क हनुवटीवर, सशांच्या साक्षीनं.

घरी पिंजऱ्याला जागा एकच होती, बायकोच्या ऑफिसच्या टेबलामागे. मुलीनं कॉलवरून एकेक फांदी सांगितली: ही आडवी, ती तिरकी, मनीप्लांट वर लटकवा, दिवा बाहेरून. "सजवू नका, दादा. प्लीज." मी काही सजवलं नाही. सरड्याला तळाच्या फांदीवर ठेवलं. तो एक पाय उचलायचा, विचार करायचा, मग टेकवायचा. अर्ध्या तासानं सर्वांत वरच्या पानांमागे पोचला आणि हिरवा झाला. पण खाईना. मी दोन रातकिडे सोडले. तो बघून न बघितल्यासारखा बसला. चौथा दिवसही तसाच गेला.

पाचव्या दिवशी सकाळी बायकोची अकरा जणांबरोबर मीटिंग सुरू झाली. मी स्वयंपाकघरात गाजर किसत होतो. बाहेरून तिचा अगदी ऑफिसमधला आवाज येत होता: पुढच्या तिमाहीचं काहीतरी, मग आणखी काहीतरी, आणि मग वाक्याच्या मध्यावर शुद्ध मराठीत किंकाळी.

"खाल्लं! अरे, खाल्लं त्यानं! एवढी लांब जीभ! इकडे ये!"

किसणी टाकून धावलो. ती म्यूटवर नव्हती. स्क्रीनवर अकरा चेहरे थिजलेले. तिच्या डच साहेबानं काळजीनं विचारलं, काय झालं, कुणाला लागलं का? तिनं उत्तर न देता लॅपटॉप उचलून पिंजऱ्याकडे वळवला. वर पानांआडून सरडा, एक डोळा माझ्यावर, एक डोळा अकरा माणसांवर, तोंडातून रातकिड्याची तंगडी बाहेर. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

"आणखी एक खाईल का?" साहेबानं विचारलं.

"काय रे उभा राहिलायस!" बायको माझ्यावर ओरडली, डोळे पुसत. "डबा आण. सगळे थांबलेत."