निजका तांडेल

मुरबे गावच्या येसूबाईने चोवीस वर्षं एक राग पोटात सांभाळला, आणि चांगला खाऊपिऊ घालून सांभाळला. लोक म्हणायचे, आता म्हातारी झालीस, सोडून दे. सोडायला काय ती वाळत घातलेली साडी होती?

तिचा नवरा पुंडलिक तांडेल होता, म्हणजे होडी त्याच्या हुकमावर चालायची. धाकटा भाऊ कृष्णकांत त्याच्या हाताखाली. एका भर दुपारी दोघे परतत असताना होडी खडकावर फुटली. पुंडलिक बुडाला, कृष्णकांत पोहत किनाऱ्याला लागला आणि म्हणाला, दादा सुकाणूवर बसल्या बसल्या झोपला. गावाने मान डोलावली. तेव्हापासून पुंडलिकाला नाव पडलं, निजका तांडेल. मेलेल्या माणसाला भांडायला येता येत नाही, हे गावाला बरोबर ठाऊक असतं.

पण पुंडलिकाचं अंग सापडलं होतं फुटक्या होडीच्या पुढच्या फळीखाली, जाळ्याच्या ढिगात. सुकाणू असतं मागे. येसूबाईने समाजाच्या बैठकीत उभं राहून विचारलं, "सुकानूवर निजला, तं पुढं कसा गेला?" पाण्याने नेलं असेल, असं म्हणून पंढरीपंचाने तिला खाली बसवलं.

पुढे निजक्याच्या पोराबरोबर दर्यात जायला एक खलाशी मिळेना. निमेशने तीन वर्षं वाट पाहिली आणि कुंभवलीजवळ कारखान्यात नोकरी धरली. ज्या दिवशी पोराने जाळं विकलं, त्या दिवशी येसूबाईने ठरवलं: कृष्णकांताच्या तोंडून खरं काढायचं, चारचौघांत काढायचं, त्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत. त्याच्या उंबऱ्याला तिने पाय लावणं सोडलं.

आणि मग कृष्णकांत विसरायला लागला. आधी चपला, मग घराची वाट, मग पोटचा दिपेश. पालघरच्या डॉक्टरने डिमेन्शिया असं नाव सांगितलं. गाव हळहळलं. येसूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "इसरला का सुटला," ती निमेशला म्हणाली. "मना फसवून चाललाय."

निमेशची मुलगी रिद्धी बोईसरला एका प्रयोगशाळेत कामाला होती. मुंबईचा एक संशोधन गट गावात रक्ताचे नमुने घ्यायला येणार होता आणि रिद्धी त्यांना मदत करणार होती. डिमेन्शिया झालेल्यांच्या रक्तात आरएनएचे काही बारीक तुकडे कमीजास्त दिसतात. त्यांवरून आजार लवकर ओळखता येईल का, हे त्यांना शोधायचं होतं.

"ते तुकडे करतात काय?" बोंबील वाळत घालता घालता येसूबाईने विचारलं.

"पेशीत निरोप फिरतात, आजी. हे बनव, ते बनव. हे तुकडे सोता काय बनवत नाय. निरोपाला जाऊन चिकटतात आणि त्याला गप करतात. ते कमीजास्त झाले तर मेंदूचा कारभार बिघडत असेल, असं वाटतं."

"म्हंजे सुलू," येसूबाई म्हणाली.

सुलू तिची धाकटी जाऊ, कृष्णकांताची बायको. स्वतः कधी खोटं बोलली नाही. फक्त नवऱ्याच्या खऱ्याला चिकटून बसली आणि त्याला गप केलं. रिद्धी हसली, आजी हसली नाही.

"रगत दिल्यावर डोकं परत येल काय त्याचं?"

"नाय. त्यावर औषध नाय अजून. पण कालचं आधी जातं, जुनं बरेचदा उशिरा जातं. शिबिरात जुनी गोष्ट सांगायला लावतात, आणि घरच्यांना विचारतात, बरोबर का चूक."

येसूबाईचा हात थांबला. दुसऱ्याच दिवशी तिने तो उंबरा ओलांडला. वैर संपलं असं वाटून सुलू रडली, चहा ठेवला. येसूबाईने दोन कप घेतले. चहाशी तिचं काही वाकडं नव्हतं. "भावजींना शिबिरात न्यावा," ती म्हणाली. "मी पन देते रगत. धडधाकट मानूस पन लागतो म्हनं त्यांना, ताडून बघायला."

शिबिर समाजमंदिरात भरलं. येसूबाईची आठवणीची परीक्षा आधी झाली. तिने सगळे गुण मिळवले. मग पडद्याआड कृष्णकांताला बसवलं, शेजारी दोघी जावा, मागे रिद्धी. पडद्यापलीकडच्या बाकांवर अर्धं गाव रक्त द्यायला बसलं होतं, पंढरीपंच पुढेच. पडदा माणूस झाकतो, आवाज झाकत नाही. हे येसूबाईने आदल्या दिवशी येऊन पाहून ठेवलं होतं.

"एखादी जुनी गोष्ट सांगा," मुंबईच्या गटातल्या डॉक्टर हेमाली म्हणाल्या.

कृष्णकांत सदऱ्याचं बटण काढू-लावू लागला.

"भावजी," येसूबाई हळूच म्हणाली, "खडकाची सांगा."

त्याचा चेहरा हलला. "दादा दमलेला," तो स्वच्छ आवाजात म्हणाला. "मी बोललो, तू पुढं निज, सुकानू मी धरतो. ऊन लागलं. माजा डोला लागला. मंग खडक लागला."

बाकांवरची कुजबुज थांबली.

डॉक्टरांनी पेन उचललं. "काकी, हे बरोबर की चूक?"

सुलूला एका शब्दात सुटता आलं असतं. चूक म्हटलं असतं, तर कागदावर आजार थोडा वाढला असता, एवढंच. तिने पडद्याकडे पाहिलं. येसूबाईने तिचं मनगट धरलं.

"सुलू, डागतर विचारतेय. मोठ्यानं सांग."

"बरोबर," सुलू म्हणाली. "मना त्याच दिशी सांगितलेलं."

पलीकडे एक बाक करकरला. पंढरीपंच उठून बाहेर गेला.

कृष्णकांत मात्र खुशीत होता. त्याने येसूबाईला ओळखलं. "वैनी, दादा उठला काय?"

सुलूने हात जोडले. रिद्धी म्हणाली, "आजी, पुरे." एक हो म्हणायला येसूबाईचं काय जात होतं? भावाला प्रेमाने निजवलं होतं त्याने, हेही तिने आत्ताच ऐकलं होतं. त्या विचाराने ती क्षणभर हलली, आणि मग जास्तच संतापली.

"नाय उठला. बुडाला. सुकानू तुमच्या हातात होतं."

तो आत्ताच कळल्यासारखा ढसाढसा रडला.

आठवड्याभरात गावात निजका हा शब्द कोणी उच्चारेना. दोन पंच निमेशकडे माफी मागायला आले. जे हवं होतं ते मिळालं, आणि एखादी बाई इथे थांबली असती. येसूबाई मात्र रोज चहाच्या वेळी सुलूकडे जाते. कृष्णकांत विचारतो, दादा उठला काय. ती सांगते. तो नव्याने रडतो, आणि उद्यापर्यंत विसरतो.

"वैनी," एकदा सुलूने विचारलं, "अजून किती दिस?"

"मना इसर पडेल तवर," येसूबाई म्हणाली आणि कप पुढे केला.