लेन्स काढल्यावरची मुक्ताआत्या

बाळांनो, तुमची मुक्ताआत्या रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर आरसा आडवा ठेवते, मोठी लेन्स सलाइनने काठोकाठ भरते आणि मान खाली घालून डोळा अलगद तिच्यावर टेकवते. तिच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा टोकदार होत चालला आहे. लेन्समधलं पाणी तो उंचसखलपणा भरून काढतं, आणि एका दिव्याचे पाच दिवे दिसायचे थांबतात.

पण त्या पडद्यालाही हवा लागते, आणि लेन्स फार वेळ राहिली की ती कमी पडते. काल संध्याकाळी डोळा लाल दिसला.

"काढ ती आता," मी म्हटलं.

"आई, मुलांचा फोन येईल. चेहरे तरी दिसू देत!"

"आणि पडदा सुजला तर?"

"डॉक्टर परवडले, पण तू नको!" म्हणत तिने लेन्स काढली.

माणसांना डोळे भरून पाहावं, हीच माया असं मी समजत आले. काल तिने तुम्हाला नीट पाहायचं सोडलं, ते पुढेही पाहता यावं म्हणून. तीही मायाच.

ती फोनला नाक लावून बोलत होती, तेव्हा तुम्ही हसलात. पुढच्या वेळी हसा खुशाल, पण तुमचंही नाक जवळ आणा. तेवढ्या जवळून तुम्ही तिला थोडे तरी दिसता.