सावरगावचा साक्षीदार

राज्यांची नवी मांडणी झाली. आमचं पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं आणि नागपूर मुंबई राज्यात गेलं. मी नागपूरच्या कॉलेजात शिकत होतो, तो जागचा न हलता परमुलखातला झालो. परीक्षेच्या अर्जाला रहिवासी दाखला मागू लागले. सौंसरच्या तहसिलीतून तो आणला, तर नागपूर स्टेशनावर पेटीसकट चोरीला गेला.

"संध्याकाळपर्यंत तुमच्याकडचा, ओळख देणारा माणूस आणा. नाही तर पुढच्या वर्षी बसा," कारकून म्हणाला.

मी संत्रा बाजार गाठला; आमच्याकडचे बागवान माल घेऊन तिथंच येत. एक धिप्पाड बागवान आपल्या ढिगापाशी लिलावाची वाट पाहत बसला होता. तो सावरगावचा निघाला, म्हणजे आमच्या जाम नदीच्या पलीकडचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची दोन गावं नदीवर गोटमार खेळतात, एकमेकांवर दगड फेकतात. मी माझी अडचण सांगितली. त्यानं माझ्या कपाळावरची जुनी खोक अंगठ्यानं चाचपली, ढीग शेजाऱ्यावर सोपवला आणि पागोटं बांधत उठला. मागे लिलावाची बोली सुरू झाली, पण त्यानं वळूनही पाहिलं नाही.

"याला कसे ओळखता?" कारकुनानं विचारलं.

"दरसाल गोटे मारून राहिलो याले. वळखत कसा नाई?"

परक्या झालेल्या त्या शहरात इतकं आपलं मला कुणीच म्हटलं नव्हतं. अंगठा देऊन तो बाहेर आला. मी पाया पडायला वाकलो, तसं त्यानं मला वर उठवलं आणि पुन्हा ती खोक न्याहाळली.

"येत्या पोळ्याले डोकं सांभाळजो," तो म्हणाला. "मी काई सोडनार नाई."