स्क्रीनला तोंड न्हाय

आमच्या हिनं आणि म्या मिळून केलेलं शेवटचं काम म्हंजे शेंगदाण्याची चटणी. म्या खलबत्त्यात कुटायलो होतो आणि ही पुण्याच्या लेकीसाठी कृती सांगत आवाज कॉम्प्युटरात भरायली होती. त्याच आठवड्यात ही गेली.

पुढं लेकीनं नवी स्क्रीन पाठवली. ती जोडल्यापासून कॉम्प्युटर मुका झाला. आमच्या तालुक्याच्या वाशीतला दुकानदार म्हणला, "ह्यातली लिनक्स सिस्टीम काढून दुसरी टाकू, आतलं सगळं पुसावं लागंल." म्या सगळं सामान पोत्यात बांधलं आणि एसटीनं धाराशिवला दुसऱ्या दुकानात नेलं.

तिथला माणूस जाडा, कमी बोलणारा. नाव म्या विचारलं न्हाय. त्यानं सगळं जोडलं, हात शर्टाला पुसले आणि स्पीकरवर तळहात ठेवून डोळे मिटले, नाडी बघावी तसं. मग सेटिंग उघडली.

"मेलंय का?" म्या विचारलं.

"न्हाय आबा. आवाज हाय, पण स्पीकर सोडून स्क्रीनच्या वायरीत चाललाय. आणि तुमच्या स्क्रीनला तोंडच न्हाय."

त्यानं सेटिंगमधल्या यादीत स्क्रीनच्या जागी स्पीकरची ओळ निवडली आणि म्या दावलेली फाईल लावली. भर दुकानात ही बोलली, "अवो, हळू कुटा, माझं बोलणं ऐकू येईना."

त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाय. उठून पंखा तेवढा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्या शेंगदाणे भाजले, कॉम्प्युटर लावला आणि खलबत्ता पुढं घेतला. ती म्हणली हळू कुटा. म्या हळू कुटलं.