टाकीच्या तळाशी पाणी

दिवाळीआधीच्या एका रविवारी सकाळी मंडईमागच्या गल्लीत माझी गाडी सुरू झाली, खोकली आणि बंद पडली. गाडीत मी आणि बायको होतो. हिंजवडीला तिच्या भावाकडे जेवायला निघालो होतो.

पेट्रोलमध्ये भेसळ असल्याचं मी तिथल्या तिथे जाहीर केलं. बातम्या लिहिण्यात आयुष्य गेल्यामुळे चौकशीसाठी पंपावर जाण्याची गरज वाटली नाही.

तळमजल्यावरचे शेजारी दारात उभे होते. "अहो, छापाच पंपवाल्याचं. फक्त त्याच्याकडे शेवटचे कधी गेला होतात, तेही छापा."

गेलो होतो पावसाळ्याआधी. त्यानंतर गाडी हललीच नव्हती. आमच्या इमारतीसमोर एकच गाडी मावते. काढली की जागा गेली. ती टिकावी म्हणून मी लग्नांना रिक्षाने गेलो, बायकोला बसने पाठवलं. गाडी मात्र रोज धुतली.

"गाडी आहे की तुळशीवृंदावन?" बायको विचारायची.

शेजाऱ्यांनीही नुकतीच गाडी घेतली होती. ती ते लांब मंडईपलीकडे लावत आणि येता-जाता माझ्या गाडीची तब्येत विचारत.

वारज्याहून मेकॅनिक आला. त्याने टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत काढलं. वर पेट्रोल, खाली पाणी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की पाणी तळाशी जमतं आणि इंजिनाकडे आधी तेच जातं. भेसळ झाली होती. ती करणारा घटनास्थळी हजर होता.

"इथेच नाही का होणार?" मी विचारलं.

"काका, टाकी उतरवायचीय. पंप, इंजेक्टर, सगळं साफ करावं लागेल. गाडी गॅरेजलाच न्यायला हवी."

टोचन करून गाडी निघाली. रिकाम्या जागेत मी दोन कुंड्या ठेवल्या.

"मीच बसू का तिथे?" बायको म्हणाली.

नको म्हणालो. लगेच म्हणालो नाही.

संध्याकाळी कुंड्या आमच्या जिन्यात नीट मांडलेल्या होत्या. त्यांना कोणीतरी पाणीही घातलं होतं. जागेवर शेजाऱ्यांची गाडी होती, कव्हर घालून. ती त्यानंतर हललेली नाही.

माझी गाडी दुरुस्त झाली. इंजिन वाचलं. मेकॅनिक रोज फोन करून विचारतो, "काका, कधी नेताय?" हे लिहीपर्यंत गाडी वारज्यातच आहे.